सहाव्या बाटलीतला काळा थर

अहवालाच्या एकेचाळिसाव्या पानावर गेरूमाळ डोक्यावर उभा होता.

खाणीच्या परवानगीसाठी केलेल्या त्या अहवालातले डोंगराच्या थरांचे कोष्टक मात्र सुबक होते. सर्वांत वर काळा पाषाण, १.८३ मीटर. त्याखाली पांढरी चिकणमाती, ३.६६ मीटर. त्याखाली पिवळट माती, १.८३ मीटर. आणि तळाशी तांबडा जांभा दगड, ७.३२ मीटर. आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेले असले की ते खरे वाटतात, हा अनुभव अहवाल लिहिणाऱ्याच्या गाठीशी असावा. रूपालीने ते पान दोनदा वाचले आणि ती स्टाफरूमच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. बीदर शहर ज्या पठारावर बसले आहे तेही त्याच तांबड्या दगडाचे. खिडकीखालच्या पायऱ्या तांबड्या, कंपाउंडची भिंत तांबडी, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या हैदराबादच्या बसच्या टायरांवरची धूळ तांबडी. अहवाल खरा मानला तर हे सगळे शहर चोवीस फूट जमिनीखाली असायला हवे होते.

थर उलटे होत नाहीत असे नाही. हिमालयात झाले आहेत. त्यासाठी दोन भूखंडांची टक्कर आणि काही कोटी वर्षे लागतात. इथे तेच काम एका सल्लागार संस्थेने अकरा महिन्यांत उरकले होते.

रूपाली पंधरा वर्षे भूशास्त्र शिकवत होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती दर जूनमध्ये हाच भाग समजावून सांगे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला, थिजला, त्याचा काळा पाषाण झाला. मग ऊन आणि पाऊस यांनी तो पाषाण वरून खाली कुजवत नेला. जे पार कुजून पुन्हा घट्ट झाले ते वरचे तांबडे, जाळीदार कवच. त्याखाली पिवळे, त्याखाली पांढरी चिकण, आणि तळाशी कुजणे अजून बाकी असलेला काळा दगड. पाऊस तांबड्या जाळीतून चाळणीतून पडावा तसा खाली जातो, चिकणीवर येऊन अडतो आणि तिच्या पाठीवरून सरकत सरकत पठाराच्या कडेला बाहेर पडतो. कडेची जी गावे उन्हाळ्यात तगतात ती या पाझरांवर.

औराद तालुक्यातल्या उमरदऱ्याची बुडकी हा असाच एक पाझर. ठाणाकुशनूरहून बसने अर्ध्या तासावर गेरूमाळ आहे. त्याच्या दरडीच्या पायथ्याशी भीमनगर, बेचाळीस घरांचे. आणि घरांच्या मागे दगडात कोरलेला गुडघाभर खोल खड्डा, ज्यात बाराही महिने पाणी ठिबकत असते. ती बुडकी. रूपाली त्या बेचाळीस घरांपैकी एकात जन्मली होती. बुडकीपासून कंपनीच्या नियोजित खाणीची हद्द चारशे पावलांवर होती. अहवालात मात्र लिहिले होते की सर्वांत जवळची मनुष्यवस्ती २.१ किलोमीटरवर आहे. हे अंतर गावातल्या मारुतीच्या देवळापासून मोजले होते. मधल्या बेचाळीस घरांत राहतात त्यांना काय म्हणायचे याचा खुलासा अहवालात नव्हता.

डोंगराला माणसांनी केलेली लूट नवी नव्हती. किल्ले बांधणाऱ्यांनी इथून चिरे काढून नेले. त्यांच्या मागून गेरू काढणारे आले. त्यांचे खड्डे माळावर आजही आहेत आणि पावसाळ्यात त्यांत रक्तासारखे पाणी साचते. निजामाच्या अमदानीत नकाशा करणारे साहेब आले, त्यांनी काही नेले नाही, फक्त कुठे काय आहे ते लिहून ठेवले, म्हणजे पुढच्यांची सोय झाली. मग रस्त्यांचे ठेकेदार मुरमासाठी आले. प्रत्येक राजवटीने वरून एकेक पापुद्रा सोलला आणि तो वाहून न्यायला पाटी भीमनगरच्याच बापजाद्यांच्या डोक्यावर दिली. पण या सर्व चोरांत एक मर्यादा होती. तांबड्यापलीकडे कोणाला काही नको होते. आता आलेल्या कंपनीला फरशा आणि कपबश्या करायला पांढरी चिकण हवी होती, चाळीस एकरांवरची, तळापर्यंत. पाणी ज्या फरशीवर उभे आहे तीच उचलून न्यायची होती.

आणि त्यासाठीचा युक्तिवाद त्या उलट्या कोष्टकातून निघत होता. पृष्ठभागी अभेद्य पाषाण असल्याने पावसाचे पाणी मुरत नाही. सबब उत्खननाचा भूजलावर परिणाम संभवत नाही.

तिची नजर पुन्हा आकड्यांवर गेली आणि तिथेच थबकली. १.८३. ३.६६. ७.३२. प्रत्येक आकडा १.८३च्या पटीत. निसर्ग असा पटीत काम करत नाही. असे काम माणूस करतो, आणि १.८३ मीटर म्हणजे सहा फूट; सहा फूट म्हणजे एक परस, विहिरीची खोली मोजायचे माप. कंपनीने माळावर एकही भोक पाडून पाहिले नव्हते. हे मोजमाप विहीर खणणाऱ्या माणसाचे होते, आणि तो माणूस कोण हे तिला पान उलटण्याआधीच कळले होते. पान उलटल्यावर छायाचित्र दिसले. दूध पावडरीची जुनी काचेची बाटली, आत रंगीत मातीचे थर, आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवरचे अक्षर तिचे स्वतःचे होते.

*

तिचे वडील पिराजी यांनी उमरदऱ्याच्या माळावर सहा विहिरी खणल्या. पहार, टिकाव आणि टोपले. एक माणूस उभा मावेल इतके, म्हणजे एक परस, खाली गेले की तिथली एक मूठ माती कमरेच्या फडक्यात बांधायची. घरी येऊन ती मूठ बाटलीत टाकायची, वर लाकडाने ठोकून घट्ट बसवायची. सहा परस विहीर म्हणजे सहा मुठी. बाटली गच्च भरली की बूच मारून ती सुतळीने आढ्याला उलटी टांगायची. उलटी यासाठी, की आधी निघालेली वरची माती बाटलीच्या तळाशी गेलेली असे. बाटली उलटी केली की तीच वर येई आणि जमीन जशी आहे तशी दिसे.

हे तो कशासाठी करत होता, असे लहानपणी रूपालीने आईला विचारले होते. पार्वतीबाईंनी भाकरी थापता थापता सांगितले ते असे: विहिरीला पाणी लागले की मालक नारळ फोडायचा, बायका हळदकुंकू वाहायच्या, आणि पिराजीने काठापासून लांब उभे राहायचे. त्याच्या हाताला लागलेले पाणी त्याच्या ओंजळीला चालत नव्हते. दीक्षा घेतली, कायदे झाले, तरी विहिरीच्या काठाला ते कळायला बरीच वर्षे गेली. म्हणून विहिरीतले आपल्या वाट्याला येते तेवढे तो घरी आणायचा. बुडकी तेवढी त्यांची होती. तिथे वाकले की पाणी मिळे, कोणाला विचारावे लागत नसे.

त्या सहा बाटल्यांनी रूपालीला भूशास्त्राकडे नेले. पदव्या मिळून शिकवू लागल्यावर बऱ्याच वर्षांनी तिने त्या आढ्यावरून सोडवून कॉलेजच्या प्रदर्शनात मांडल्या, आणि मांडताना एक विद्वानाला शोभेशी गोष्ट केली. बाटल्या उलट्या उभ्या राहत नव्हत्या, बूच निमुळते होते, म्हणून तिने त्या सुलट्या ठेवल्या. स्वच्छ पांढऱ्या चिठ्ठ्या लावल्या. पाच बाटल्यांत तांबडे, पिवळे, आणि तोंडाशी पांढऱ्याची एकच मूठ. सहावीत मात्र पांढऱ्याच्या दोन मुठी आणि त्यांवर काळ्या दगडाचा चुरा. एवढा पुरा थरांचा क्रम दुसऱ्या कोणत्याच बाटलीत नव्हता. तिने सहावीवर लिहिले: उमरदरा. संपूर्ण छेद. आदर्श नमुना.

प्रदर्शनाला व्यंकट नावाचा सल्लागार आला होता. हैदराबादचा, मृदू बोलण्याचा, शर्टाच्या खिशाला तीन पेनांचा. त्याने बाटल्यांपुढे हात जोडले. अशा पारंपरिक ज्ञानाची कोणी दखल घेत नाही याबद्दल त्याला वाईट वाटले. दोन दिवसांसाठी सहावी बाटली नेऊ का, फोटो चांगला काढून घेतो, असे त्याने विचारले आणि तिने ती स्वतःच्या हाताने वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. दीड वर्ष झाले होते.

*

रविवारी ती भीमनगरला गेली. पिराजी शहात्तर वर्षांचा, दारातल्या बाजेवर बसून दोर वळत होता. तिने अहवालाचे पान त्याच्यापुढे धरले. तो वाचू शकत होता, सावकाश, पण त्याने वाचायचे सोडून फोटोच पाहिला.

"ही तू कामून दिलीस?" तो म्हणाला.

ती म्हणाली की पुरी एवढीच होती.

"पुरी न्हाई ती, रूपे. ती वाया गेलेली हाय."

मग त्याने जे सांगितले ते तिने चाळीस वर्षांत ऐकले नव्हते. ही विहीर शहाऐंशी सालची, दुष्काळातली, ग्यानबा पाटलाच्या माळावरच्या रानात. सहाव्या परसाला पांढरी लागली. चिकणी लागली की पहार बाजूला ठेवायची, हा त्याच्या बापाचा नियम. पाणी चिकणीच्या वर असते, खाली नसते. बाजूने दोन हात रुंद करा, पाणी जमेल, असे त्याने ग्यानबाला सांगितले. ग्यानबा तेव्हा तिशीतला होता, नुकता शेजारच्या गावचे बोअरचे मशीन पाहून आलेला. खोल गेल्याशिवाय पाणी कसे लागेल, असे त्याने विचारले, आणि विहीर कोणाची आहे हेही विचारले. पिराजीने आणखी एक परस चिकण फोडली, आणि त्यानंतर पहार काळ्या दगडावर वाजली. दगड भेगाळलेला होता. विहिरीत जे थोडे साचले होते ते भेगेतून खाली गेले. तिसऱ्या दिवशी बुडकी आटली.

अकरा दिवस पिराजी आणि पार्वतीबाई त्या विहिरीत होते. काढलेली चिकण टोपल्याटोपल्याने परत आत सोडायची आणि पायांनी तुडवायची, भांड्याला मातीचा लेप द्यावा तशी. ग्यानबाने याची मजुरी दिली नाही, पण हरकतही घेतली नाही. बुडकीला पुन्हा ओल यायला पुढचा पावसाळा उजाडला. त्या वर्षी वस्तीने दोन कोसांवरून पाणी आणले. वस्तीत कोणी पिराजीला बोलले नाही, आणि त्याने पुन्हा पहार उचलली नाही. बोअरच्या मशिनींमुळे बापाचा धंदा बुडाला, असे रूपालीने आपल्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत मोठ्या हळहळीने लिहिले होते.

काळ्या थराची मूठ बाटलीत का ठेवली, असे तिने विचारले.

"इसरू नये म्हणून," तो म्हणाला, आणि पुन्हा दोर वळायला लागला.

परतीच्या बसमध्ये तिला राग येत होता तो आधी स्वतःचा. सहापैकी पाच बाटल्या सांगत होत्या की हा डोंगर जाणणारा माणूस चिकणीपाशी थांबतो. सहावी सांगत होती की तो थांबला नाही तर काय होते. तिने पाच बाजूला ठेवून सहावीला आदर्श म्हटले होते, आणि व्यंकटने तिचेच म्हणणे पुढे नेले होते.

*

जनसुनावणी जानेवारीत, उमरदऱ्याच्या शाळेच्या पटांगणात झाली. मांडव, सतरंज्या, पाण्याच्या सीलबंद बाटल्या. नोटीस कन्नड आणि इंग्रजीत निघाली होती; गावात कन्नड सगळे बोलत, वाचणारे थोडे. सरकारने नेमलेले अध्यक्ष मधोमध बसले. पंचायतीचे कल्लप्पा यांनी स्वागत करून सांगितले की कंपनी शाळेला कुंपण घालून देणार आहे आणि वस्तीला पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट बसवून देणार आहे. प्लांटमध्ये घालायला पाणी कुठले, हा तपशील त्यांनी पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवला. पहिल्या ओळीत ग्यानबा पाटील बसला होता, खांद्यावर धुतलेला रुमाल, सत्तरीतला. खाणीच्या चाळीस एकरांतले अकरा त्याचे होते आणि त्यांचा करार झालेला होता.

रूपालीने एकेचाळिसावे पान वर धरले. मग ते उलटे केले. माळावर चालून आल्यावर पाय काळे होतात की तांबडे, एवढेच तिने गावाला विचारले. मांडवात हशा पसरला. शांतम्मा नावाच्या म्हातारीने मागून कन्नडमध्ये काही सुनावले आणि अध्यक्षही हसले.

व्यंकट उठला. तो चिडला नाही. प्रदर्शनातल्या बाटल्यांपुढे जोडले होते तसेच त्याने तिला हात जोडले.

"टेबल उल्टा पड गया, मॅडम," तो म्हणाला. "सीधा कर देते."

अध्यक्षांनी विचारले की कोष्टक सुलटे केल्याने निष्कर्षात काही फरक पडतो का. व्यंकटने फाईल न उघडता सांगितले की नाही पडत. वर जर सच्छिद्र दगड असेल तर ते आणखीच उत्तम. पावसाचे पाणी सहज खाणीत उतरेल, खाणीचा आपोआप तलाव होईल आणि परिसराची भूजलपातळी वाढेल. सबब परिणाम संभवत नाही.

पाषाण वर असला तरी नुकसान नाही आणि खाली असला तरी नाही. मग डोंगर पाहायचे कष्ट संस्थेने घेतलेच कशाला, असे रूपालीने विचारले. इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाने पेन थांबवून अध्यक्षांकडे पाहिले आणि अध्यक्षांनी नकारार्थी मान हलवली. ते वाक्य लिहिले गेले नाही.

तेव्हा पिराजी उभा राहिला. मुलीने त्याला बोलावले नव्हते, तो मैलभर चालत आला होता.

"जयभीम साहेब. सहावी विहीर म्या फोडली," तो म्हणाला. "तिसऱ्या दिशी बुडकी गेली. चिकणी परत भरून म्या अन् बायकूनं पायानं तुडवली. एका विहिरीच्या भोकाला अकरा दिस लागले. तुम्ही चाळीस एकर फोडायलाव. तुडवायला माणसं कुठून आणणार?"

अध्यक्षांनी, सौम्यपणेच, विचारले की याला काही पुरावा आहे का.

"पुराव्याचा फोटो तुमच्या कागदात हाय. अन् साक्षीदार पुढं बसलेला हाय." पिराजी ग्यानबाकडे वळला. "सांगा की अण्णा. विहीर तुमची हुती."

सगळ्यांनी ग्यानबाकडे पाहिले. ग्यानबाने रुमाल मांडीवर घेतला, त्याची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. खरे बोलायला त्याला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता हे रूपालीने पाहिले. ज्या माणसाला त्याने आयुष्यभर काठापासून लांब उभे केले त्याने आज त्याला भरसभेत साक्षीला बोलावले होते.

"लई वर्सं झाली," तो म्हणाला. "दुष्काळ हुता. दुष्काळात विहिरी आटत्यातच."

व्यंकटने मग आणखी एक कागद अध्यक्षांपुढे ठेवला. बाटलीचे मोठे केलेले छायाचित्र. त्यावर भूशास्त्राच्या डॉक्टर असलेल्या बाईंच्या अक्षरात लिहिले होते, संपूर्ण छेद, आदर्श नमुना. वाया गेलेल्या विहिरीला कोणी आदर्श म्हणेल का, असे त्याने नम्रपणे विचारले.

ते आपण न विचारता लिहिले, बापाला कधी विचारलेच नाही, असे रूपालीने सांगितले. हे वाक्य मात्र इतिवृत्तात शब्दशः उतरले.

*

जूनमध्ये मंजुरी आली. सुधारित अहवालात थर योग्य क्रमाने होते. ऋणनिर्देशात, कोष्टकातली त्रुटी निदर्शनास आणून देऊन लोकसहभाग सार्थ केल्याबद्दल, डॉ. रूपाली यांचे आभार होते. तिचा आक्षेप खोडला गेला नव्हता; त्याचा वापर करण्यात आला होता. पुढे कधी कोणी कोर्टात गेलेच तर लोकांना विचारले होते याचा पुरावा म्हणून तीच हजर होणार होती.

बाटली मागायला ती कंपनीच्या बीदरच्या कार्यालयात गेली. व्यंकटने चहा मागवला आणि बाटली लगेच काढून दिली, धुऊन पुसून लख्ख केलेली. माती प्रयोगशाळेत लागली, असे तो म्हणाला. नमुना म्हणून तेवढाच तर होता. त्याने तिला निकालाची प्रतही दिली: शुभ्रता ब्याऐंशी टक्के. सदतीस वर्षे आढ्याला टांगलेली तिच्या बापाची चूक कुठल्याशा भट्टीत भाजून कपबशीच्या लायकीची ठरली होती. चिठ्ठी मात्र जागच्या जागी होती. तिने चहा घेतला नाही.

चाचणीचा पहिला खड्डा दिवाळीनंतर घेतला. पावसाळ्याचे सगळे पाणी डोंगरात उतरलेले असते तेव्हा बुडकी वर्षातली सर्वांत भरलेली असते. त्या महिन्यात तिथे घागर दीड मिनिटात भरे, रूपालीने कितीदा घड्याळ लावून पाहिले होते. मशीन चालवायला भीमण्णा होता, शेजारच्याच गावचा. पिराजी रोज सकाळी लेकीने परत आणलेली तीच बाटली घेऊन खड्ड्याच्या काठावर जाऊन बसे. पहिल्या दिवशी मुकादमाने त्याला हटकले. त्याने सांगितले की मूठभर मातीला परवाना लागत असेल तर दाखवा. त्यानंतर कोणी बोलले नाही. भीमण्णा दर परसाला मशीन थांबवी, बादलीच्या दातातली माती हाताने काढून म्हाताऱ्याला देई. तांबड्याच्या चार मुठी झाल्या. पिवळ्याची एक. पाचव्या दिवशी पांढरी लागली.

पिराजीने भीमण्णाला थांबायला सांगितले. भीमण्णा केबिनमधून खाली उतरला, म्हाताऱ्याशेजारी बसून त्याने विडी ओढली आणि म्हणाला, "अप्पा, मी थांबलो तर दुसऱ्याला बशिवतील." मग तो परत वर चढला. सातव्या दिवशी काळा दगड वाजला. रात्रभर पाझरून खड्ड्याच्या तळाशी पाणी साचलेले होते, ते भेगेत गेले.

बुडकीवर त्या दिवशी घागरीला सहा मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी पार्वतीबाईंनी घागर तिथेच ठेवली आणि तासाभराने जाऊन आणली. तळ झाकेल एवढे पाणी होते आणि त्यात एक मुंगी. कंपनीचे आरओ यंत्र समाजमंदिराच्या भिंतीला बसवून झाले होते. त्यावर फीत बांधलेली होती. उद्घाटनाची तारीख मिळायची होती.

त्या रविवारी रूपाली आली. पिराजीने भरलेली बाटली तिच्यापुढे ठेवली, गच्च ठोकलेली, बूच मारलेले. तिने जुनी चिठ्ठी नखाने खरवडून काढली. डिंक चांगला होता, वेळ लागला. मग बाटली उलटी केली, बूच खाली, तांबडे वर, आणि पार्वतीबाईंना ती तशी धरायला सांगून नवी चिठ्ठी त्या बाजूने चिकटवली. कोर्टाचा अर्ज तिने लिहून आणलाच होता. चिठ्ठीवर तिने तारीख घातली, खड्ड्याची जागा, मुठींचा हिशेब, घागरीची मिनिटे. खाली लिहिले: इथे चिकण फोडली. फोडणारे.

आणि ती नावे लिहू लागली. व्यंकट. अध्यक्ष, हुद्द्यासकट. कल्लप्पा. ग्यानबा पाटील, जाणत असून न सांगितल्याबद्दल. कंपनीच्या संचालकांची सगळी नावे, अहवालाच्या मुखपृष्ठावरून बघून.

पिराजी वाकून वाचत होता, ओठ हलवत.

"माझंबी लिव्ही," तो म्हणाला. "आधी म्या फोडली हुती."

ती म्हणाली की त्याला भाग पाडले होते, त्याने अकरा दिवस तुडवून ती बुजवली होती, या यादीत त्याला घालायचे कारण नाही.

"त्यांनाबी कुणी तरी भाग पाडलं म्हणतील की. लिव्ही."

रूपालीने त्याचे नाव लिहिले, साल शहाऐंशी, आणि शेजारी, अकरा दिवसांत परत भरली. मग तिने सगळ्यांच्या वर उरलेली अरुंद मोकळी जागा पाहिली आणि तिथे, आधीच्या चिठ्ठीवर होते त्याच सुवाच्य अक्षरात, पहिले नाव स्वतःचे घातले.

पार्वतीबाई बाटली धरून उभ्या होत्या. शाई वाळेपर्यंत त्यांनी ती हलू दिली नाही.